आत अजून कोणीतरी आहे

सुलेखा सकाळी साडेनऊला वाचनालय उघडायची आणि संध्याकाळी साडेसहाला बंद करायची. मधल्या वेळात झाडलोट, वर्तमानपत्रं काठ्यांना लावणं, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी ठेवणं, अशी छप्पन्न कामं असायची. पण तिला कोणी विचारलं असतं, तर आपलं खरं काम बंद करण्याचं आहे असंच तिनं सांगितलं असतं. उघडायला काय लागतं? शटर वर केलं की झालं. बंद करताना मात्र डोकं ठिकाणावर पाहिजे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी डास मारायचं यंत्र तसंच चालू ठेवून गेलं होतं. सकाळी वाचनकक्षातलं एक टेबल आणि मासिकांचा एक कप्पा जळून काळा झालेला सापडला. तेव्हापासून कार्यकारिणीचा नियम झाला, की कुलूप लागल्यावर आत विजेची एकही वस्तू चालू राहता कामा नये. तो नियम टाइप करून दाराशेजारी लावलेला होता आणि खाली जबाबदार व्यक्ती म्हणून सुलेखाचं नाव होतं. छापलेलं आपलं नाव तिनं त्याआधी फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं.

ती मूळची चितेगावची. लग्न होऊन बजाजनगरला आली. नवरा संघपाल वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होता. ती स्वतःही अकरा वर्षं एका छोट्या कंपनीत पॅकिंगला होती. ती कंपनी बंद पडली, वर्षभर घरी बसावं लागलं, आणि मग विहारातल्या एका ताईंच्या ओळखीनं औरंगपुऱ्याच्या गल्लीतल्या या वाचनालयात शिपायाची जागा मिळाली. दहावी झालेली होती. इंग्रजीत काठावर पास. पण पुस्तकांवरचे नंबर तिला तोंडपाठ झाले होते, आणि ग्रंथपाल कालिंदी मॅडमसुद्धा एखादं पुस्तक सापडेना की आधी तिलाच हाक मारायच्या.

गेल्या वर्षी वाचनालयाला एक जुना कम्प्युटर देणगी मिळाला. तो इतका जुना होता की नेहमीचं काही त्यावर चालेना. मग कालिंदी मॅडमच्या पुण्यातल्या भाच्यानं, श्रीरंगनं, एका रविवारी येऊन त्यात लिनक्स घातलं. फुकट असतं आणि जुन्या मशीनवरही पळतं, असं तो म्हणाला. त्यानं तिघांची तीन खाती उघडून दिली. एक कालिंदी मॅडमचं, एक सुलेखाचं, कारण परत आलेल्या पुस्तकांची नोंद ती करणार होती, आणि तिसरं मधुसूदनकाकांचं. काका कार्यकारिणीवरचे सर्वांत जुने सभासद. वय एकोणऐंशी, जिल्हा परिषदेतून निवृत्त, राहायला समर्थनगरात. त्यांना मोडी वाचता येत होती. वाचनालयाच्या पहिल्या सभांची वही मोडीत होती आणि ती वाचू शकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. ती वाचून कम्प्युटरवर मराठीत उतरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

बंद कसं करायचं ते कालिंदी मॅडमनी सुलेखाला वहीत लिहून दिलं. वर कोपऱ्यातलं चिन्ह दाबायचं, मग ‘शट डाउन’, मग थांबायचं, पडदा काळा झाला की भिंतीवरचं बटन. सात-आठ महिने हे सुरळीत चाललं.

मग एका मंगळवारी त्यानं ऐकलं नाही.

तिनं ‘शट डाउन’ दाबलं तर पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला. त्यात इंग्रजीत दोन ओळी, खाली श्रीरंगचं नाव, आणि नावाखाली पासवर्ड लिहायची रिकामी जागा. तिनं आपला पासवर्ड टाकला. चौकोन नको नको म्हटल्यासारखा हलला आणि जागा परत रिकामी झाली. एकेक अक्षर बघून परत टाकला. परत तेच. तिनं चौकोन घालवून पहिल्यापासून सुरुवात केली, तर तोच चौकोन पुन्हा हजर. सहा चाळीसची सिटी बस निघून जायची वेळ झाली होती. चालू ठेवून जावं तर दाराशेजारी नियम, नियमाखाली आपलं नाव. तिनं टेबलाखाली हात घातला आणि वायर ओढली.

घरी जाताना तिला राहून राहून नवल वाटत होतं. कंपनीत प्रत्येक मशीनवर मोठं लाल बटन असायचं. ते कोणीही दाबायचं, अगदी झाडूवालीनंसुद्धा; मशीन जागच्या जागी थांबलं पाहिजे. परवानगी लागायची ती चालू करायला. इथं सगळंच उलटं. चालू कोणीही करावं, आणि बंद करायला पुण्याच्या माणसाचा पासवर्ड?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुकाट्यानं बंद झाला. गुरुवारी परत अडला. शुक्रवारी परत बंद झाला. सुलेखाचं डोकं चालेना. गुरुवारी पाऊस होता म्हणावं, तर मंगळवारी कडक ऊन होतं. मंगळवारी तिनं तेवीस पुस्तकांची नोंद केली होती, गुरुवारी फक्त चार. माउस उजवीकडे ठेवून बघितला, डावीकडे ठेवून बघितला. प्रिंटर आधी बंद केला, मग नंतर बंद केला. एक दिवस तर त्याच्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, हात जोडले नाहीत एवढंच. अडला की वायर ओढायची, दुसरा इलाज नव्हता. गुरुवारी तिनं दुसऱ्यांदा ओढली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा पळायला लागली आणि थांबेचनात. कालिंदी मॅडमनी श्रीरंगला फोन लावला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “कोणीतरी वायर ओढतंय. अशानं आतली डिस्क खराब होईल, सगळ्या नोंदी जातील. सुलेखाताई, कोण करतंय हे? ती अभ्यासाला येणारी पोरं मोबाइल चार्ज करायला ओढतात का?”

“बघते मी, मॅडम,” सुलेखा म्हणाली. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण मॅडमनी तोपर्यंत एक कागद घेऊन तांबड्या शाईनं लिहिलंसुद्धा, ‘संगणकाची वायर काढणाऱ्यावर कडक कारवाई केली जाईल’, आणि तो चिकटवायला सुलेखाच्याच हातात दिला. तिनं तो सरळ रेषेत, चारी कोपरे दाबून चिकटवला.

आता तीन हुकूम झाले. चालू ठेवायचं नाही. वायर ओढायची नाही. आणि बंद करायची परवानगी नाही. तिन्ही एकदम पाळायचे कसे, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी तो अडला तेव्हा ती दहा मिनिटं नुसती त्याच्यासमोर उभी राहिली. मग इकडंतिकडं बघून वायर ओढली. तिसऱ्यांदा. बसमध्ये तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्या वेळी मात्र निघायच्या आधी तिनं एक काम केलं होतं. चौकोनातली इंग्रजी अक्षरं तिनं चित्र काढावं तशी एका कागदावर उतरवून घेतली होती. जेवणं झाल्यावर तिनं तो कागद संघपालपुढं ठेवला. त्याला मशीनवरचं इंग्रजी वाचायची सवय होती. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

“हे म्हणतंय, दुसरी माणसं आत असताना बंद करायचं आसंल तर परवानगी लागंल.”

“दुसरी माणसं? कुठं आत?”

“आता ते मला काय ठावं. आत म्हंजे आत.”

“आवो, मी येकलीच आसते तिथं. सगळ्यायला बाहेर काढूनच मी बंद करते.”

“खाली नाव कुणाचं आलं व्हतं?”

“श्रीरंगचं.”

संघपालनं कागद खाली ठेवला. “मग तोच बसला आसंल. आमच्या कंपनीत जर्मनीतला माणूस तिथनं मशीनमधी शिरतो, इथं आम्हाला दिसत बी नाय. ह्यो पुण्यात बसून शिरला आसंल.”

सुलेखाला ते पटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे आपण वायर ओढतो तेव्हा तो आतून बघत असतो? मग मॅडमना नाव का सांगत नाही? की सांगितलंय, आणि मॅडमच आपली परीक्षा बघतायत?

गुरुवारी तो पुन्हा अडला. वायरीकडे हात गेला, पण या वेळी तो तिथंच थांबला. तरीही खात्री असावी म्हणून तिनं आधी सगळं वाचनालय पालथं घातलं. कपाटांच्या मधल्या बोळी बघितल्या, बालविभागात वाकून टेबलांखाली बघितलं, संडासाचं दार ढकललं. “कोन हाय का आत?” असं दोनदा मोठ्यानं विचारलंही. कोणी नव्हतं. मग परत येऊन तिनं कम्प्युटरच्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा श्रीरंगचा नंबर लावला.

“हॅलो, श्रीरंग साहेब का? मी वाचनालयातून सुलेखा.”

“बोला ना, ताई.”

“साहेब, तुम्ही जरा बाहेर निघता का? मला बंद करायचंय.”

“कुठून बाहेर निघू?”

“कम्प्युटरमधून.”

त्यानं हसू न आणता विचारलं, “ताई, मी आत नाहीये. तुम्हाला असं का वाटलं?”

तिनं सगळं सांगितलं. चौकोन, त्याचं नाव, संघपालनं लावलेला अर्थ. श्रीरंग म्हणाला, “तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते बरोबर आहे. फक्त तो माणूस मी नाही. परवानगी द्यायचा अधिकार माझ्या नावावर आहे म्हणून तो माझा पासवर्ड मागतो. आत दुसरंच कोणीतरी आहे. कोण ते आपण त्यालाच विचारू.”

त्यानं सांगितलं तशा तिनं तीन कळा एकदम दाबल्या. काळी खिडकी उघडली. “आता लिहा, डब्ल्यू, एच, ओ. म्हणजे ‘कोण’. मग एंटर.”

खाली दोन ओळी उमटल्या. एकीत तिचं नाव होतं. दुसरी तिनं अक्षर अक्षर जुळवत वाचली.

“मधुसूदन,” ती म्हणाली. “पुढं लिवलंय, बारा सत्तेचाळीस.”

“बरोबर. दुपारी पावणेएकला ते आत गेलेत आणि अजून बाहेर पडलेले नाहीत.”

“आवो, काका तर दोनलाच घरी गेले. मी सोता त्यायची छत्री आणून दिली.”

“ते घरी गेले, ताई. त्यांचं काम आत उघडं राहिलंय. त्यांनी लॉग आउट केलं नाही, नुसतं ‘स्विच युजर’ केलं. म्हणजे, कसं सांगू, ते खोलीतून उठले पण त्यांचे कागद टेबलावर पसरलेलेच आहेत. तुम्ही दिवा घालवायला निघालात म्हणून तो अडवतोय.”

मंगळवार आणि गुरुवार. काकांचे येण्याचे दिवस तेच होते, आणि कम्प्युटरवर लिहायला त्यांनी त्या पहिल्या मंगळवारपासूनच सुरुवात केली होती. सुलेखा खुर्चीवर टेकली.

“ठीक आहे, मी माझा पासवर्ड सांगतो,” श्रीरंग म्हणाला, “तो टाका, होईल बंद.”

“थांबा, साहेब. बंद केल्यावर त्यायच्या कागदायचं काय व्हतं?”

“सेव्ह केले असतील तर राहतील. नसतील केले तर जातील.”

“आन् वायर ओढल्यावर?”

“तेच.” मग त्यानं विचारलं, “ताई, वायर तुम्ही ओढत होता का?”

“व्हय,” ती म्हणाली. “तीनदा.”

तो रागावला नाही. पण ती त्याचा पासवर्ड काही घेईना. मधुसूदनकाकांचा नंबर सभासदांच्या यादीत होता. तिनं त्यांना फोन केला आणि जरा येऊन जाता का म्हणून विचारलं. पाच मिनिटांच्या अंतरावरून यायला काकांना पंधरा मिनिटं लागली. आले ते घरच्या सदऱ्यावर, पायात स्लिपर, आणि चेहरा उतरलेला.

“काय बिघडवलं का मी?” दारातूनच त्यांनी विचारलं.

“नाय, काका. तुमी फक्त तुमचं नाव दाबून आत जा.”

काकांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. पडद्यावर एक पान उघडलं. मराठीत अकरा ओळी. वर तारीख, मग पहिल्या सभेला कोण कोण हजर होतं त्यांची नावं, कोणी कंदील दिला, कोणी सतरंजी दिली. बाराव्या ओळीत अर्धाच शब्द होता. ते पान जसंच्या तसं बघून काकांनी पाठीमागं हातानं खुर्ची चाचपली आणि हळूच बसले.

“आहे,” ते म्हणाले. “या वेळी आहे.”

“या वेळी म्हंजे?”

काका पडद्याकडेच बघत म्हणाले, “सुलेखा, हे पान मी चौथ्यांदा लिहिलंय. पहिल्यांदा लिहून गेलो, पुढच्या वेळी आलो तर काहीच नाही. उघडताना ते काहीतरी इंग्रजीत विचारायचं, मी घाबरून ‘नको’ दाबायचो. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. परत लिहिलं. परत नाही. मग मला वाटायला लागलं की मी हे लिहिलेलंच नाहीये. घरी वहीत वाचतो आणि इथं येऊन लिहिलं असं नुसतं मनात येतं. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तो जेवून उठायचा आणि विचारायचा, जेवण कधी होणार. मी काल चिन्मयला सांगितलं. त्यानं सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. मेंदूच्या.”

चिन्मय त्यांचा मुलगा. टेबलाखाली वायर तशीच लोंबत होती, आणि तिला वाटलं, ती काकांना दिसतेय.

“काका,” ती म्हणाली, “वायर मी ओढत व्हते. हा बंद व्हईना म्हणून. मला ठावं नव्हतं तुमचं काही आत हाय ते. तुमी लिवलं व्हतं. मी पुसत व्हते.”

काकांनी मान वळवली. ते आता ओरडणार असं तिला वाटलं, आणि त्यांनी ओरडावं असंही वाटलं.

“म्हणजे मी लिहिलं होतं?”

“व्हय.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा, काका.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सुलेखाला कळेना की यांना पाणी आणून द्यावं की पाया पडावं. तिनं पाणी आणलं.

“लॉग आउट दाबायची मला भीती वाटायची,” पाणी पिऊन काका म्हणाले. “वाटायचं, आउट म्हणजे माझं नाव कमी होईल.”

सुलेखानं पुन्हा पुण्याला फोन लावला. श्रीरंगनं दोघांना मिळून ते पान सेव्ह करायला लावलं. मग काका बाहेर पडले, सुलेखानं ‘शट डाउन’ दाबलं, आणि पडदा मुकाट्यानं काळा झाला.

शुक्रवारी सकाळी सुलेखानं कालिंदी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम आधी चिडल्या. “मला सांगायचं नाही का, सुलेखाताई? मी काय तुम्हाला खाल्लं असतं?”

“कसं सांगू, मॅडम? तुमी तांबड्या शाईनं लिवून माज्याच हातात दिलं.”

मॅडमनी उठून स्वतः तो कागद काढला. चारी कोपरे घट्ट बसलेले असल्यानं थोडा रंगही निघाला.

रविवारी श्रीरंग आला. कम्प्युटरसमोर बसून म्हणाला, “मी एक ओळ लिहून ठेवतो. मग तुम्हाला कोणाचाच पासवर्ड लागणार नाही. आत कोणीही असलं तरी तुम्ही बंद करू शकाल.”

“कोनीबी आसलं तरी?”

“हो. पूर्ण परवानगी.”

सुलेखानं जरा विचार केला. “मग नको.”

कालिंदी मॅडमनी मान वर करून बघितलं.

“कंपनीत लाल बटन व्हतं,” सुलेखा म्हणाली. “कुणाचं बोट सापडत आसंल तर दाबायचं. दाबलं की मानूस वाचायचा. इथं दाबलं की मानसाचंच काहीतरी जातंय. बंद करायची परवानगी आन् दुसऱ्याचं पुसायची परवानगी, ह्या दोन येकच कशा काय?”

श्रीरंग म्हणाला, “एकच नसाव्यात खरं तर.” पण दोन्ही वेगळ्या करणं त्याला त्या दिवशी काही जमलं नाही. तासभर खटपट करून शेवटी त्यानं तीच ओळ लिहिली, कारण एखाद्या दिवशी काका फोन उचलणार नाहीत आणि नियम तर दाराशेजारी आहेच. वर आणखी एक सोय केली. सुलेखाच्या पडद्यावर एक चिन्ह ठेवलं. ते दाबलं की आत कोण कोण आहे त्यांची यादी यायची. परवानगी तिनं घेतली, पण तिच्या वहीत बंद करण्याच्या पायऱ्यांमध्ये नवी पहिली पायरी आली. कोण आहे ते बघणे. दुसरी, त्यांना फोन करणे.

सोमवारी काका चिन्मयबरोबर डॉक्टरांकडे गेलेच. घेतलेली वेळ कशाला मोडायची, म्हणाले. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले, ते त्यांनी झरझर केले. आता मंगळवारी आणि गुरुवारी ते निघायच्या आधी सुलेखाला हाक मारतात, आणि दोघं मिळून सेव्ह करतात. कम्प्युटरवर तीस पानं झाली आहेत. जुन्या वहीच्या चौतिसाव्या पानावर कोणाची तरी सही आहे, ती त्यांनाही लागत नाहीये.

परवा संध्याकाळी काकांचा दिवस नव्हता. मॅडम चारलाच गेल्या होत्या. सुलेखानं या वेळी चिन्हाऐवजी काळी खिडकी उघडून, ‘कोण’ लिहून यादी बघितली आणि तिथं दोन नावं होती. दोन्ही तिचीच. सुलेखा, आणि खाली पुन्हा सुलेखा. वेळ मात्र वेगळी होती, एक चार वाजून दहाची, दुसरी आत्ताची.

तिनं श्रीरंगला फोन लावला. तो म्हणाला, तुम्ही काळी खिडकी उघडलीत ना, म्हणून तो तुम्हाला दोनदा मोजतोय, काही काळजी करू नका. ती “व्हय, व्हय” म्हणाली. एकच माणूस दोनदा आत कसा असू शकतो, ते काही तिला कळलं नाही. तरी तिनं त्या चार दहावालीनं काही अर्धवट ठेवलंय का ते बघितलं. एका पुस्तकाची नोंद राहिली होती. ती केली, सेव्ह केली, दोघींना बाहेर काढलं, आणि पडदा काळा होईपर्यंत उभी राहिली. तोपर्यंत सहा चाळीसची बस गेली होती. पुढच्या बसला पाऊण तास होता, म्हणून ती महावीर चौकापर्यंत चालत गेली आणि तिथून वाळूजच्या रिक्षात बसली.